मेल आणि न्यूजग्रुप एकाच रीडरमध्ये: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाची निघाली: मेल आणि न्यूजग्रुप (इंटरनेटवरच्या विषयवार जाहीर चर्चेच्या जागा) एकाच प्रोग्रॅममध्ये, म्हणजे रीडरमध्ये, वाचणं. म्हणून प्रिंटर आणि राउटरचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. आधी एक सूचना. आज्ञांची आणि फायलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. ‘कॅपिटल’ म्हटलं असेल तिथे शिफ्ट धरायची.

ताई, नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत शिकत होतो. युनिव्हर्सिटीच्या युनिक्सवर पाईन होतं, त्यात घरची मेल आणि ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ हा न्यूजग्रुप एकाच ठिकाणी वाचायचो. आता मेल ब्राउझरमध्ये बघतो. न्यूजग्रुप गूगलवर वाचत होतो, तेही बंद झालं. पुन्हा दोन्ही एका काळ्या पडद्यावर आणता येतील का? लिनक्स वापरतो. लिस्प वगैरे येत नाही. (निवृत्त अभियंता, सांगली)

येतील, आणि लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकता येतील.

बंद झाला तो गूगलचा दरवाजा. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटचे, म्हणजे न्यूजग्रुपांच्या जाळ्याचे, नवे लेख घेणं आणि पाठवणं थांबवलं, जुना संग्रह तेवढा ठेवला. यूजनेट गूगलच्या मालकीचं कधीच नव्हतं. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली, तेव्हापासून ते एकमेकांना लेख पोचवणाऱ्या असंख्य सर्व्हरांवर चालत आलंय. तुम्हाला त्यातला एक सर्व्हर हवा. ‘इटर्नल सप्टेंबर’ हा सर्व्हर फक्त मजकुराचे ग्रुप ठेवतो, पैसे घेत नाही, नाव मात्र नोंदवावं लागतं. मी तोच सुचवते. तुमच्या मराठी ग्रुपवर पूर्वीची वर्दळ सापडणार नाही, हे आधीच सांगते. संगणक, गणित, प्रोग्रॅमिंग भाषा यांच्या ग्रुपवर अजून जाणकार माणसं लिहितात.

मेल आणि लेख एकत्र नांदू शकतात याचं कारण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. ईमेलचा साचा ठरवणारा आरएफसी ८२२ हा दस्तऐवज १९८२ चा. पुढच्याच वर्षी यूजनेटसाठी आरएफसी ८५० आला आणि त्यात मेलचाच साचा मुद्दाम घेतला, म्हणजे मेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लेखांनाही चालावेत. आजही दोन्हींच्या माथ्यावर ‘फ्रॉम’, ‘सब्जेक्ट’, ‘डेट’, ‘मेसेज-आयडी’ या ओळी सारख्याच असतात. मेलमध्ये ‘टू’ असतं, लेखात ‘न्यूजग्रुप्स’ असतं. आणण्याची पद्धत (प्रोटोकॉल) तेवढी वेगळी: मेल आयमॅपने येते, लेख एनएनटीपीने.

रीडर कोणता? पाईनचा वारस अल्पाईन आजही मिळतो. त्याच्या सेटअपमध्ये एनएनटीपी सर्व्हरचं नाव भरलं की फोल्डरांच्या यादीत न्यूजग्रुप येतात. नुसतं दोन्ही डोळ्यांसमोर हवं असेल तर एवढ्यावर थांबा, तुमची बोटं ते अजून विसरली नसतील. निओमटमध्येही एनएनटीपी आहे (मूळ मटमध्ये नाही). एसएलआरएन न्यूजसाठी फार छान आहे, पण त्यात मेलपेटी नाही.

मी स्वतः ग्नूस वापरते आणि तुम्हालाही तेच सुचवेन. मजकूर लिहिण्याच्या ईमॅक्स या प्रोग्रॅमसोबतच ते येतं. जपानचे मासानोबु उमेदा यांनी ते निव्वळ न्यूज वाचायला लिहिलं होतं. १९९४-९५ च्या सुमारास नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्टसेन यांनी ते मुळापासून नव्याने लिहिलं आणि मेललाही न्यूजसारखंच वागवायचं ठरवलं. ग्नूसच्या लेखी तुमची इनबॉक्स हाही एक ग्रुप. मला हा रीडर आवडण्याचं कारण हेच, आणि पुढच्या दोन पत्रांतल्या अडचणींचं मूळही तेच आहे. न्यूज रीडरला विसरायची सवय असते. मेलच्या बाबतीत कुठे विसरायचं आणि कुठे नाही, हे आपण ग्रुपागणिक सांगून ठेवावं लागतं. ते सांगितलं की मग त्याच्यासारखा सोबती नाही.

मांडणी अशी करा. ईमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स दाबून ‘कस्टमाइज-व्हेरिएबल’ लिहा आणि ‘ग्नूस-सिलेक्ट-मेथड’ उघडा. फॉर्मसारखं पान येतं, कंस मोजावे लागत नाहीत. तिथे ‘एनएननिल’ भरा, म्हणजे मुख्य सर्व्हर कोणताच नाही. मग ‘ग्नूस-सेकंडरी-सिलेक्ट-मेथड्स’ मध्ये दोन नोंदी करा: एक ‘एनएनटीपी’ची, इटर्नल सप्टेंबरच्या पत्त्यासह, आणि एक ‘एनएनआयमॅप’ची, तुमच्या मेलसाठी. मेल आणि न्यूज अशी शेजारीशेजारी ठेवली की दोघांनाही सारखाच मान मिळतो आणि प्रत्येक ग्रुपच्या नावापुढे तो कुठून आला ते दिसतं. पुढे याचा उपयोग होणार आहे.

जीमेल असेल तर आयमॅपसाठी पोर्ट ९९३, पाठवण्यासाठी ५८७. नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो ‘डॉट-ऑथइन्फो-डॉट-जीपीजी’ या फाइलमध्ये ठेवा: एका ओळीत मशीन, लॉगिन, पासवर्ड. शेवटी ‘जीपीजी’ असलं की ईमॅक्स ती फाइल आपोआप कुलूपबंद करून ठेवतो. ‘जीपीजी’शिवायची साधी फाइल ठेवू नका. घरात संगणक दुसरं कोणी वापरत नसलं तरी नको.

ग्नूस सुरू झाल्यावर टोपीचं चिन्ह (शिफ्ट-६) दाबा. सर्व्हरांची यादी येईल. हवा त्यावर एंटर, मग हव्या त्या ग्रुपवर यू. झालं.

आता लेव्हल. ग्नूस प्रत्येक ग्रुपला १ ते ९ अशी लेव्हल देतो. १ ते ५ म्हणजे तुम्ही घेतलेले ग्रुप. नवा ग्रुप घेतला की तो ३ वर जाऊन बसतो. मी इनबॉक्सला १ दिलंय, कामाच्या आणि सोसायटीच्या फोल्डरांना २, न्यूजग्रुपांना ३ आणि ४. ग्रुपवर उभं राहून कॅपिटल एस, मग स्मॉल एल दाबलं की लेव्हल बदलता येते. याचा फायदा सकाळी कळतो. १ आणि मग जी दाबलं की फक्त इनबॉक्स तपासली जाते. दूधवाल्याला पैसे देऊन येईपर्यंत महत्त्वाचं काही आलंय का ते समजलेलं असतं, आणि पाचशे लेखांची यादी अंगावर येत नाही. रात्री निवांत नुसतं जी दाबायचं, म्हणजे सगळं येतं.

स्मॉल टी दाबलंत तर ग्रुपांना विषयांखाली लावता येतं. टी-कॅपिटल आणि एन ने नवा विषय, टी-कॅपिटल आणि एम ने ग्रुप तिथे हलवायचा. माझ्याकडे ‘घर’ या विषयाखाली इनबॉक्स आहे आणि स्वयंपाकाचा एक न्यूजग्रुपही आहे. कोणता ग्रुप कोणत्या प्रोटोकॉलने आला यावरून विषय पाडू नका. तसे पाडले तर दोन रीडर वापरल्यासारखंच होईल.

आणखी एक करून बघा. सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्टची मेल इनबॉक्समध्ये कोसळत असेल तर जीमेन वापरा. इंगेब्रिग्टसेन यांनीच २००२ मध्ये ही सेवा उभी केली. ती मेलिंग लिस्टना न्यूजग्रुपचं रूप देते आणि २०२० पासून ‘न्यूज डॉट जीमेन डॉट आयओ’ या पत्त्यावर आहे. ईमॅक्सची मदतीची लिस्ट तिथे ‘जीमेन डॉट ईमॅक्स डॉट हेल्प’ नावाने वाचता येते. लिस्टची मेल बंद करायची आणि ग्रुप म्हणून वाचायची. इनबॉक्स इतकी हलकी होते की पुन्हा उघडावीशी वाटते.

ग्नूसला जीमेल जोडलं. सकाळी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस वाचली, संध्याकाळी पुन्हा बघायला गेले तर पत्र नाही. इनबॉक्सच यादीतून गायब! जीवाचं पाणी झालं. मेल पुसली गेली का? (पुणे)

पुसली गेलेली नाही. फोनवर बघा, नोटीस आहे तिथेच आहे.

वाचनालयातल्या टेबलावरचं वर्तमानपत्र आपण वाचून तिथेच ठेवतो, घरी आलेलं पत्र मात्र जपून ठेवतो. ग्नूस जन्माने वर्तमानपत्रवाला आहे. ज्या ग्रुपमध्ये न वाचलेलं काही उरलं नाही तो त्याच्या लेखी संपला, म्हणून तो यादीतून काढतो. ग्रुपच्या आतही वाचलेलं दाखवत नाही. हजारो लेखांच्या ग्रुपसाठी हेच योग्य आहे, पण इनबॉक्ससाठी नाही.

आत्ता लगेच हवं असेल तर कॅपिटल एल दाबा. वाचून झालेले धरून सगळे ग्रुप दिसतील. इनबॉक्सवर जाऊन कंट्रोल-यू आणि मग एंटर दाबलं की जुनी पत्रंही उघडतील.

कायमची सोय अशी. इनबॉक्सवर उभ्या राहा, कॅपिटल जी आणि मग स्मॉल सी दाबा. त्या एका ग्रुपचं सेटिंगचं पान उघडेल. ‘व्हिजिबल’ चालू करा, म्हणजे ग्रुप यादीतून कधी जाणार नाही. ‘डिस्प्ले’ मध्ये आकडा द्या. मी २०० देते, म्हणजे उघडताना शेवटची दोनशे पत्रं दिसतात, वाचलेली असोत की नसोत. ‘ऑल’ देता येतं, पण दहा वर्षांची जीमेल असेल तर दर वेळी चहा थंड होईल. न्यूजग्रुपांना यातलं काहीही लावू नका. त्यांचं विसरणंच बरं.

सभेच्या नोटिशीसारखं, ज्यावर अजून काही करायचंय असं पत्र आलं तर त्यावर उद्गारचिन्ह दाबा. याला टिक म्हणतात. टिक केलेलं पत्र वाचलं तरी हलत नाही, ग्रुप उघडला की समोर दिसतं. आयमॅपवर ही खूण सर्व्हरवर जाते आणि जीमेलमध्ये ताऱ्याच्या रूपात दिसते. म्हणजे संगणकावर टिक करा, बसमध्ये फोन उघडाल तेव्हा त्याच पत्राला तारा असेल. फोनवर तारा दिलात तर इथे टिक. रोजच्या वापरात मला ग्नूसची ही सगळ्यात मोठी सोय वाटते, आणि तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

प्रश्नचिन्हाची खूण याहून वेगळी. तिने पत्र झोपतं आणि त्याला कोणी उत्तर दिलं तरच पुन्हा वर येतं. ‘बघतो आणि कळवतो’ असं म्हणणाऱ्यांच्या पत्रांना मी हीच लावते.

आता खरी जपायची जागा. कॅपिटल ई ने पत्र ‘एक्स्पायर’साठी ठेवलं जातं. ठरावीक मुदत सात दिवसांची, ती उलटली की पत्र सर्व्हरवरून खरोखर जातं. त्याच सेटिंगच्या पानावर ‘टोटल-एक्स्पायर’ आहे. ते चालू केलं की त्या ग्रुपमधलं प्रत्येक वाचलेलं पत्र मुदतीनंतर जातं. ऑफर, ओटीपी, कुरिअरचे निरोप एका फोल्डरमध्ये पडत असतील तर तिथे जरूर चालू करा, फोल्डर आपोआप स्वच्छ राहतं. इनबॉक्सला, बँकेला, इस्पितळाच्या कागदांना कधीही नाही. चालू करण्याआधी आपण कोणत्या ग्रुपवर उभे आहोत ते नाव वाचा.

एका न्यूजग्रुपवर एकाने फार चांगलं उत्तर दिलं होतं. त्याला खाजगीत आभार आणि माझा फोन नंबर पाठवायचा होता. तो सगळ्या जगाला गेला, शिवाय ऑफिसच्या पत्त्यावरून गेला. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? आणि व्हर्च्युअल ग्रुप कसा करायचा? (ठाणे)

तुम्ही आर ऐवजी एफ दाबलंत. आर म्हणजे लिहिणाऱ्याला खाजगी मेल, एफ म्हणजे सगळ्यांना. न्यूजग्रुपमध्ये ‘सगळे’ म्हणजे ग्रुप, मेलमध्ये ‘सगळे’ म्हणजे पत्रात नावं असलेले सर्व. एकच रीडर दोन्हींसाठी वापरताना हा धोका असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा.

आधी गेलेल्या लेखाबद्दल. तो उघडून कॅपिटल सी दाबा. लेख मागे घेण्याची विनंती जाते. बरेच सर्व्हर अशी विनंती मानत नाहीत, तरी करा.

मग नजरेची सवय. कंट्रोल-सी दोनदा दाबून पाठवण्याआधी वरच्या ओळी वाचा. तिथे ‘टू’ असेल तर खाजगी, ‘न्यूजग्रुप्स’ असेल तर चव्हाट्यावर. मी बोट तिथे नेऊन वाचते, विशेषतः रात्री उशिरा. ‘ग्नूस-कन्फर्म-मेल-रिप्लाय-टू-न्यूज’ हे चालू केलंत तर न्यूजग्रुपमध्ये खाजगी उत्तर लिहायला घेताना तो विचारतो. तुमची चूक नेमकी उलट दिशेची होती, पण दोन रस्ते आहेत याची आठवण त्याने राहते.

पत्त्याचं काम पक्कं करता येतं. ‘कस्टमाइज-व्हेरिएबल’ मधून ‘ग्नूस-पोस्टिंग-स्टाइल्स’ उघडा. इथे ग्रुपच्या नावावरून तुमचं नाव, पत्ता आणि सही ठरते. पहिला नियम सगळ्या ग्रुपांसाठी: घरचा पत्ता, साधी सही. दुसरा ज्यांचं नाव ‘एनएनटीपी’ने सुरू होतं त्यांच्यासाठी: फक्त न्यूजसाठी काढलेला वेगळा पत्ता, सहीत फोन नंबर नाही. तिसरा ऑफिसच्या मेलच्या ग्रुपांसाठी. नियम वरून खाली लागू होतात आणि नंतरचा आधीच्यावर मात करतो, म्हणून सर्वसाधारण नियम सगळ्यात वर हवा. वर म्हटलेला नावापुढचा सर्व्हर इथे कामी येतो. ‘एनएनटीपी’ हा एकच शब्द लिहून सगळं यूजनेट वेगळं काढता येतं.

न्यूजमध्ये खरा पत्ता द्यायचाच नसेल तर शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ लावलेला द्या. हे नाव नक्की खोटं म्हणूनच १९९९ मध्ये राखून ठेवलंय. मनाने रचलेला पत्ता देऊ नका, ते डोमेन कोणाचं तरी खरं निघतं आणि स्पॅम त्या बिचाऱ्याला जातो.

व्हर्च्युअल ग्रुपबद्दलही विचारलंय. कॅपिटल जी आणि कॅपिटल व्ही ने तो बनतो, आणि त्यात अनेक ग्रुपांचे लेख मिसळून एकच यादी दिसते. एकाच विषयाचे दोन-तीन न्यूजग्रुप असतील तर अवश्य करा. खाजगी मेल आणि जाहीर ग्रुप एका व्हर्च्युअल ग्रुपमध्ये घालू नका. तुमच्या पत्रातली वेळ पुन्हा येईल.

मला दिसत नाही. संगणक बोलतो त्यावर काम करतो. वेबवरच्या मेलमध्ये शंभर बटणं ऐकावी लागतात, तेव्हा कुठे पत्र सापडतं. मेल आणि ग्रुप दोन्ही ऐकता येतील असं काही आहे का? (शिक्षक, नाशिक)

आहे, सर, आणि ते तयार करणाऱ्याचं शिक्षण आपल्या पुण्यात झालंय. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठ, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलमधून १९९४ मध्ये पीएचडी. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सला बोलतं करणारं ईमॅकस्पीक आणलं. ते पडद्यावरची अक्षरं नुसती वाचत नाही. ग्नूसमध्ये तुम्ही कुठे आहात हे त्याला कळतं, म्हणून पुढच्या पत्रावर गेलात की विषय आणि पाठवणारा ऐकू येतो, आणि कृतीनुसार छोटे सूचक आवाज येतात. ईस्पीक-एनजी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठीही आहे.

तुमच्यासाठी मी तीनच गोष्टी बदलेन. ‘एमएम-डिस्करेज्ड-ऑल्टर्नेटिव्हज’ मध्ये ‘टेक्स्ट-स्लॅश-एचटीएमएल’ (मध्ये तिरकी रेघ) घाला. बऱ्याच मेल साध्या आणि सजवलेल्या अशा दोन्ही रूपांत येतात. हे केलं की साधं रूप निवडलं जातं आणि लोगो-लिंकांची जंत्री ऐकावी लागत नाही. दुसरं, ‘ग्नूस-ट्रीट-हाइड-सायटेशन’ चालू करा. उत्तरात खाली चिकटवलेला आधीचा मजकूर लपतो. तो हवा असेल तेव्हा डब्ल्यू, डब्ल्यू (दोन्ही कॅपिटल) आणि स्मॉल सी. तिसरं, न्यूजग्रुपांची लेव्हल ४ ठेवा, म्हणजे रोज ऐकायचं थोडकं राहील.

मग जवळजवळ सगळं काम एका स्पेसबारवर होतं. ग्रुपवर दाबला की पहिलं न वाचलेलं पत्र, पुन्हा दाबला की पुढचा भाग, पत्र संपलं की पुढचं पत्र. मेल असो की न्यूज, कळ तीच. दोन्ही एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा फायदा तुम्हालाच होईल असं मला मनापासून वाटतं. जमलं की कळवा. अडलं तर तुमच्या संगणकावर लिनक्सची कोणती आवृत्ती आहे ते लिहा, पुढच्या अंकात पायरीपायरीने देईन.

टर्मिनलमध्ये ग्नूस चालवते. आईची मराठी मेल येते, जोडाक्षरं तुटलेली दिसतात. शिवाय नवा लॅपटॉप घेतेय, कोणत्या फायली न्यायच्या? (टोरांटो)

टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा चौकोन देतं, त्यात ‘क्ष’ आणि ‘र्त्या’ नीट बसत नाहीत. ईमॅक्स टर्मिनलबाहेर, स्वतःच्या खिडकीत उघडा. आवृत्ती २७ पासून, म्हणजे २०२० पासून, तो अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरतो आणि देवनागरी व्यवस्थित दिसते. लोहित किंवा नोटो यांपैकी एक देवनागरी फॉन्ट बसवून घ्या. दिसायला तेही नुसत्या मजकुराचंच राहतं, कळा त्याच राहतात. आईला मराठीत उत्तर लिहायला कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडा. पुन्हा तेच दाबलं की इंग्रजी.

फायली: ‘डॉट-ग्नूस-डॉट-ईएल’, ‘डॉट-ऑथइन्फो-डॉट-जीपीजी’, ‘डॉट-न्यूजआरसी-डॉट-ईएलडी’ आणि ‘न्यूज’ नावाचं फोल्डर. कस्टमाइजमधून बदल केले असतील तर ईमॅक्सची सुरुवातीची फाइलही, कारण ते बदल तिच्यात लिहिले जातात. ऑथइन्फो नव्या लॅपटॉपवर उघडायला तुमची जीपीजी किल्ली किंवा तिचा सांकेतिक शब्द लागेल. मेलच्या खुणा आयमॅप सर्व्हरवर असतात, त्या नव्या लॅपटॉपवर आपोआप दिसतील. न्यूजग्रुपांत कुठपर्यंत वाचलंय हे मात्र फक्त ‘न्यूजआरसी-डॉट-ईएलडी’लाच माहीत असतं. कॉपी करण्याआधी जुन्या लॅपटॉपवर ग्रुपांच्या यादीत क्यू दाबून ग्नूस नीट बंद करा, तेव्हाच ती फाइल पूर्ण लिहिली जाते.